पडद्याचं ऑपरेशन झालं, आता घरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटला म्हणून ऑपरेशन झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. घरी आल्यावर शंका येतात त्या बहुधा रात्री, दवाखाना बंद झाल्यावर. तुमच्या डॉक्टरांनी इथल्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमचा डोळा त्यांनी आतून पाहिलेला आहे.

डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना काय विचारून घ्यायचं?

बाकी काही राहिलं तरी चालेल, पण एक प्रश्न विसरू नका: डोळ्यात काय भरलंय? गॅस की सिलिकॉन तेल? झोपायचं कसं, प्रवास कधी करायचा, किती दिवस अंधुक दिसणार, दुसरं ऑपरेशन लागणार का, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. पुष्कळ पेशंटना ते माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्डावर ते इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कार्ड फायलीत जातं.

गॅस किंवा तेल भरतात कशाला, तेही समजून घ्या. पडद्याला भोक किंवा चीर पडते, डोळ्यातलं पाणी तिच्यातून पडद्यामागे शिरतं आणि पडदा मागच्या भिंतीपासून सुटत जातो. व्हिट्रेक्टॉमी या ऑपरेशनात डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, पडदा पुन्हा जागेवर बसवतात आणि चिरेभोवती लेसर किंवा क्रायो, म्हणजे ती जागा गोठवण्याचा उपचार, करतात. त्या जागी व्रण धरून पक्की पकड बसायला साधारण १० ते १४ दिवस जातात. तोवर पडद्याला आतून टेकू लागतो. एसएफ-सिक्स हा गॅस साधारण दोन आठवड्यांत आपोआप विरतो, सी-थ्री-एफ-एट सहा ते आठ आठवडे टिकतो. तेल मात्र काढेपर्यंत तिथेच राहतं. काही जणांना बाहेरून सिलिकॉनची पट्टी बसवतात, तिला बकल म्हणतात. ती सहसा कायमची असते आणि बाहेरून दिसत नाही.

पालथं झोपायचं म्हणजे नेमकं कसं? आणि दिवसभर?

बुडबुडा नेहमी वर जातो. गॅसही वर जातो आणि पाण्यापेक्षा किंचित हलकं असलेलं तेलही. पडद्याचा जो भाग दाबून धरायचा आहे तो वरच्या बाजूला यावा, एवढाच या झोपण्यामागचा हिशेब. म्हणून सगळ्यांना पालथंच झोपवतात असं नाही. चीर बाजूला असेल तर ठरावीक कुशीवर झोपायला सांगतात, वरच्या भागात असेल तर काहींना नुसतं ताठ बसलं तरी पुरतं. शेजारच्या काकांना काय सांगितलं होतं ते तुम्हाला लागू होत नाही.

महत्त्व पोटाला नाही, चेहऱ्याला आहे. चेहरा जमिनीकडे असला की झालं, मग तुम्ही पलंगावर पालथे असा, खुर्चीत पुढे वाकून बसलेले असा किंवा मान खाली घालून घरात चालत असा. बहुतेकांना दिवसा टेबल-खुर्ची सोयीची पडते: टेबलावर दोन उशा एकावर एक, त्यांवर कपाळ टेकवायचं, पण डोळ्यावर दाब येता कामा नये. रात्री छातीखाली उशी घ्या आणि कपाळाखाली टॉवेलची चुंबळ, म्हणजे नाक मोकळं राहतं. तासातली पाच-दहा मिनिटं उठायला बरेच डॉक्टर परवानगी देतात. जेवण, संडास, थेंब घालणं त्या वेळात उरकून घ्या. चहा स्ट्रॉने पिता येतो. मोबाइल मांडीवर किंवा जमिनीवर ठेवून बघितला तरी चालतं. मान खालीच असते, उलट वेळ बरा जातो.

दुखते ती मान, खांदे आणि कोपर. कोपराखाली मऊ कापड ठेवा. पायाची बोटं आणि घोटे दर थोड्या वेळाने हलवत राहा, विशेषतः वय जास्त असेल तर, कारण तासन् तास एकाच जागी राहिलं की पायात रक्त साकळू शकतं.

उताणं झोपायचं नाही, ही गॅसवाल्यांसाठी सगळ्यात मोठी सूचना. उताणं झालं की बुडबुडा पुढे येऊन डोळ्याच्या भिंगाला टेकतो. त्याने मोतीबिंदू लवकर धरतो आणि डोळ्याचं प्रेशरही वाढू शकतं. झोपेत वळण्याची सवय असेल तर पाठीशी लोड लावून ठेवा.

आईचं वय झालंय, गुडघे आणि पाठ दोन्ही दुखतात. तिला पालथं झोपणं जमतच नाही.

मग डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, शक्यतो ऑपरेशनच्या आधीच. कुशीवर भागेल का, बकल करता येईल का, तेल भरलेलं बरं का, असे पर्याय त्यांच्याकडे असतात. "हो हो, झोपतेय ना" असं तपासणीला सांगायचं आणि घरी उताणं पडायचं, यात फसवणूक स्वतःचीच होते.

गॅस असताना काय दिसतं? घाबरण्यासारखं काही?

पहिले काही दिवस जवळजवळ काहीच नाही. हात हलताना दिसला, उजेड कळला, की पुरे. गॅसमधून प्रकाश नीट एकवटत नाही. मग एके दिवशी नजरेच्या वरच्या कडेला स्पष्ट पट्टी दिसू लागते आणि तिच्या खाली हलणारी काळसर रेघ. गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी ती मान हलवली की डुचमळते. गॅस विरत जातो तशी रेघ खाली खाली उतरते. बुडबुडा खरं तर डोळ्याच्या वरच्या भागात असतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून आपल्याला तो खाली दिसतो. शेवटी तळाशी एक गोल ठिपका उरतो, कधी तो फुटून दोन-तीन होतात, आणि एका सकाळी काहीच नसतं.

मात्र काळी सावली बाजूने किंवा वरून पडद्यासारखी आत सरकत असेल आणि मान हलवली तरी जागची हलत नसेल, तर तो बुडबुडा नाही. त्याच दिवशी दाखवा.

ऑपरेशन मुंबईला झालं, घर पुण्याला. लगेच जाता येईल का?

डोळ्यात तेल असेल तर उंचीचा प्रश्न येत नाही. गॅस असेल तर विचारल्याशिवाय निघू नका. वर चढत जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो आणि बंद जागेतला गॅस फुगतो. डोळा ताणत नाही, म्हणून आतलं प्रेशर चढतं. मुंबई समुद्रसपाटीला, पुणे सुमारे ५६० मीटरवर. चढ फार मोठा नाही, पण बोरघाट गाडीने झपकन चढून जातो, आणि बुडबुडा मोठा असताना तेवढंही काहींना त्रासदायक ठरतं. काही डॉक्टर पहिला आठवडा मुंबईतच राहायला सांगतात, काही प्रेशरची गोळी देऊन सोडतात. डोळ्यात किती गॅस उरलाय ते बघून हे ठरतं. उलट प्रवासात, म्हणजे पुण्याला ऑपरेशन करून कोकणात उतरताना, गॅस आक्रसतो. त्यात धोका कमी, तरी सांगून जा. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर आहे. तिथे गॅस पूर्ण जाईपर्यंत नकोच.

विमानाला तर ठाम नाही. केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ ठेवलेली असते. तेवढ्याने गॅस पाव-तृतीयांशाने फुगतो, डोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि नजर कायमची जाऊ शकते. परदेशातून येऊन इथे ऑपरेशन करून घेणाऱ्यांनी परतीचं तिकीट गॅस गेल्याची खात्री झाल्यावरच काढावं. खात्री म्हणजे डॉक्टरांनी तपासून सांगितलेली. "मला आता दिसत नाही बुडबुडा" हे पुरत नाही.

याच कारणाने आणखी एक सावधगिरी. गॅस असताना दुसऱ्या कशासाठी भूल घ्यावी लागली, दाताचं असो, हाड मोडलं असो, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड दिला तर तो त्या बुडबुड्यात शिरतो आणि काही मिनिटांत प्रेशर वाढवतो. हॉस्पिटलने मनगटाला पट्टी बांधली असेल तर ती काढू नका. दिली नसेल तर "डोळ्यात गॅस आहे" असं तारखेसह लिहिलेला कागद पाकिटात ठेवा.

थेंबांच्या तीन-चार बाटल्या दिल्यात. गोंधळ होतो.

सहसा एक अँटिबायोटिक असतं, एक स्टेरॉइड, एक बाहुली मोठी ठेवणारं औषध आणि गरज असेल तर प्रेशरचं. बाटल्यांवर मार्करने १, २, ३ लिहा आणि वेळेचा तक्ता फ्रिजवर चिकटवा. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका, डोळा अलगद मिटून ठेवा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. स्टेरॉइडचं औषध पांढरट, गढूळ असेल तर दर वेळी हलवून घ्या.

स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं असतं, मनाने एकदम बंद करू नका. आणि "बरं वाटतंय" म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन् महिने चालूही ठेवू नका, कारण काहींच्या डोळ्याचं प्रेशर त्यानेच वाढतं. बाहुली मोठी करणाऱ्या औषधाने उजेड खुपतो आणि जवळचं धूसर दिसतं, ते अपेक्षितच आहे. प्रेशरसाठी डायमॉक्सची गोळी दिली असेल तर बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका.

किती दुखणं चालतं?

खुपणं, पाणी येणं, सकाळी थोडं चिपड, डोळा लालभडक दिसणं, पापणी सुजणं: एक-दोन आठवडे चालतं. टाके असतील तर ते विरघळेपर्यंत टोचतात. बकल झालेल्यांना दुखणं जास्त असतं आणि काही दिवस डोळा फिरवताना ओढ बसते.

न चालणारं दुखणं वेगळं असतं. खोल ठणका, त्याच बाजूचं डोकं, मळमळ, उलटी. आपल्याकडे याला हमखास "पित्त झालं" म्हणतात आणि सोडा-लिंबू देऊन झोपवतात. पडद्याच्या ऑपरेशननंतर असं झालं तर ते पित्त नाही असं धरूनच चाला, कारण डोळ्याचं प्रेशर चढल्यावर नेमकं हेच होतं. दुसरी भीती जंतुसंसर्गाची: दुखणं कमी होण्याऐवजी रोज वाढतंय, दिसणं कालच्यापेक्षा कमी झालंय, पू येतोय. यातलं काहीही झालं तर रात्र असो की रविवार, फोन करा आणि निघा.

"पडदा चिकटला" म्हणतात, मग दिसत का नाही?

सगळ्यात जास्त निराशा इथेच होते, आणि खरं बोलायचं तर काही वेळा ती घाईघाईत समजावल्यामुळे होते. पडदा जागेवर बसणं ही एक गोष्ट आणि त्याने पुन्हा काम करणं ही दुसरी. पहिलीचं यश चांगलं आहे: एका ऑपरेशनमध्ये दहापैकी आठ-नऊ जणांचा पडदा बसतो, गरज पडली तर पुढच्या ऑपरेशनांनी त्याहून जास्त जणांचा. दुसरी गोष्ट ठरते ती ऑपरेशनच्या आधीच.

पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं त्याच्या जिवावर चालतं. ऑपरेशनच्या वेळी तो सुटलेला नसेल तर गॅस गेल्यावर नजर पुष्कळदा पूर्वीसारखी होते. तो सुटला असेल तर पेशींना मागच्या थरातून मिळणारं पोषण तितके दिवस तुटलेलं असतं. त्यातल्या काही सावरतात, काही नाही. सावरणंही संथ असतं. बरीचशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पण वर्षभर आणि कधी त्यानंतरही थोडी थोडी भर पडत राहते. मधल्या काळात दाराची चौकट वाकडी दिसणं, एका डोळ्याने वस्तू लहान दिसणं, रंग फिके वाटणं, हे सगळं होतं.

रोज एक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तारखा वाचून बघू नका. पंधरा दिवसांनी बघा. चष्म्याचा नंबरही दोन-तीन महिने थांबून काढावा. बकलने डोळा किंचित लांब होतो आणि मायनस नंबर वाढतो, तेल असताना बहुधा मोठा प्लस नंबर येतो आणि तेल काढल्यावर बदलतो. आधी केलेला महागडा चष्मा वाया जातो.

तेल कधी काढायचं? त्रास नसेल तर राहू दिलं तर?

साधारण तीन ते सहा महिन्यांत. तेल जुनं झालं की त्याचे बारीक थेंब होतात, ते डोळ्याच्या निचऱ्याच्या जागी अडकून काचबिंदू होऊ शकतो, बुबुळही खराब होऊ शकतं. त्रास नाही म्हणून तारीख टाळणाऱ्यांमध्ये शेतीच्या हंगामात अडकलेले पुष्कळ असतात. पेरणी-काढणी बघून तारीख आधीच ठरवून घ्या. काही अवघड डोळ्यांत डॉक्टर मुद्दाम तेल ठेवतात, पण तो निर्णय त्यांचा.

आता मोतीबिंदू झालाय म्हणतात. ऑपरेशन चुकलं का?

नाही. पन्नाशीनंतर व्हिट्रेक्टॉमी झालेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू होतो. तो काढता येतो. आधी पडद्याचं ऑपरेशन झालंय हे त्या सर्जनला सांगा.

पडदा पुन्हा सुटू शकतो?

हो, आणि मुख्य कारण पेशंटचा हलगर्जीपणा नसतो. काहींच्या पडद्यावर जखम भरताना चिवट पापुद्रे तयार होतात, ते आक्रसून पडद्याला ओढतात. शंभरातल्या पाच-दहा जणांना हे होतं, बहुधा पहिल्या दोनेक महिन्यांत. म्हणून नजर चांगली वाटली तरी तपासण्या चुकवू नका. आणि असं झालंच तर "तू त्या दिवशी बादली उचललीस म्हणून" असं घरात कुणी कुणाला बोलू नये.

पूर्ण बेडरेस्ट लागते का? वाचन, टीव्ही?

बेडरेस्ट हा शंभर वर्षांपूर्वीचा उपाय. तेव्हा पडदा सुटला की आठवडेच्या आठवडे पेशंटला निजवून ठेवत, फायदा क्वचितच होई. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की मूळ दुखणं चिरेत आहे आणि ती बंद केल्याशिवाय काही होणार नाही. आज स्थिती सांभाळायची, बाकी घरात वावरायला हरकत नाही. टीव्ही-मोबाइलने पडदा सुटत नाही. डोळा थकला की थांबा. शिंक, खोकला, रडू आलं म्हणूनही घाबरू नका.

अंघोळ, स्वयंपाक, देवदर्शन?

अंघोळ मानेखालून पहिल्या दिवसापासून. केस धुताना पाणी डोळ्यात जाऊ नये. आठवडा-दोन आठवडे थांबलात तर उत्तम. विहिरीचं, नदीचं, पोहण्याच्या तलावाचं पाणी महिनाभर नको. स्वयंपाकात फोडणीचे उडणारे थेंब आणि चुलीचा धूर टाळा, भाजी निवडणं किंवा कणीक मळणं चालेल, मान खालीच असते. काजळ-सुरमा नको. होळीचा रंग आणि मिरवणुकीतला गुलाल यांपासून त्या वर्षी लांबच राहा. रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची शील्ड लावा, झोपेत डोळा चोळला जातो.

मध, तूप, गुलाबपाणी, एरंडेल, बाळंतिणीचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते निर्जंतुक नसतं आणि जखम ताजी असते.

वजन उचलणं, योगासनं, गाडी, काम?

पाण्याची भरलेली बादली, सिलिंडर, धान्याचं पोतं महिनाभर नको. बद्धकोष्ठ असेल तर औषध मागा, कुंथू नका. शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट होतं, ते आणि जोरकस कपालभाती डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल विचारायला लोक लाजतात: साधारण दोन आठवड्यांनी, जोर न लावता, हरकत नसते.

गॅस असेपर्यंत गाडी चालवू नका. नंतरही एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. आधी जिना उतरून बघा, कपात चहा ओतून बघा, दुचाकी त्यानंतर. टेबलावरचं काम दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येतं. शेतात मळणीची धूळ आणि फवारणी असेल तर जास्त थांबा आणि गेल्यावर गॉगल लावा.

खर्च भागत नाही. योजनेत बसतं का?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं हॉस्पिटल आहे का आणि आपली शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर फार काही करता येत नाही. आरोग्य विमा असेल तर तेल काढण्याच्या दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरी वेगळी घ्यावी लागते.

दुसऱ्या डोळ्यालाही होईल का?

धोका इतरांपेक्षा जास्त असतो, साधारण दहात एक. मोठा मायनस नंबर असेल तर अधिकच. म्हणून दुसऱ्या डोळ्याचा पडदा कडेपर्यंत तपासून घ्या. पातळ जागा किंवा भोक सापडलं तर आधीच लेसर करता येतो, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि भरती व्हावं लागत नाही. त्या डोळ्यात विजेसारखे लखलखाट दिसले, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा कडेने सावली आली, तर "बघू सोमवारी" म्हणू नका. मॅक्युला सुटायच्या आधी पोहोचणं आणि नंतर पोहोचणं यात कधी कधी एका दिवसाचंच अंतर असतं.

सख्ख्या भावंडांना आणि मुलांना जाड चष्मा असेल तर त्यांनाही एकदा दाखवून आणा. तपासणीसाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पुढचे काही तास धूसर दिसतं, तेव्हा जाताना मोटारसायकल चालवायला सोबत कुणाला तरी न्या.